‘विद्यार्थ्यांना खोल्या देऊ नका’ या निवेदनावर सही करू का?

धुळ्याच्या देवपूर भागातून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय 58, शिक्षिका म्हणून निवृत्त. यजमानांना रक्तदाबाचा त्रास आहे. त्यांनी प्लॉट घेऊन घर बांधलं तेव्हा कॉलनीत सगळी कुटुंबंच होती. आता आजूबाजूच्या बऱ्याच घरांवर मजले चढले आहेत आणि तिथे कॉलेजची, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली खोल्या घेऊन राहतात. रात्री उशिरापर्यंत गाड्यांचे आवाज, बारा वाजता भर रस्त्यात वाढदिवसाचा केक आणि फटाके, फाटकासमोर लावलेल्या मोटारसायकली, सकाळी कुत्र्यांनी फाडलेल्या कचऱ्याच्या पिशव्या, आणि पाणी सुटलं की वरच्या टाक्या भरेपर्यंत शेवटच्या घरांना धारच नाही, अशा तक्रारी त्यांनी लिहिल्या आहेत. मध्यंतरी एका रात्री यजमान मुलांवर ओरडले, बाचाबाची झाली. ती मुलं ज्यांच्या घरात राहतात त्या शेजारणीशी तेव्हापासून बोलणं बंद आहे. आता कॉलनीतल्या मंडळींनी प्रभागातल्या नगरसेवकांना देण्यासाठी निवेदन तयार केलं आहे. मागणी एकच: या भागात विद्यार्थ्यांना खोल्या भाड्याने देण्यास बंदी करावी. ताई शिक्षिका होत्या म्हणून पहिली सही त्यांची हवी आहे. नगरसेवकांना कॉलनीत बोलावून बैठक घ्यायचंही ठरतंय. ताई विचारतात, ‘सही करावी तर जन्मभर ज्या वयाच्या पोरांना शिकवलं त्यांनाच हाकलल्यासारखं वाटतं. नाही करावी तर कॉलनीत वाईटपणा. आणि नगरसेवक आमचं ऐकतील असं मला तरी वाटत नाही. ते घरमालकांच्याच बाजूने बोलणार. काय करू?’

ताई, नमस्कार.

निवेदनाचा मसुदा पत्रासोबत जोडलात हे फार बरं केलंत. तो वाचूनच सांगते: या मसुद्यावर सही करू नका. बैठक मात्र नक्की घ्या, नगरसेवकांना बोलवा, आणि नवा मसुदा तुम्ही स्वतः लिहा. त्यावर पहिली सही तुमचीच असू द्या. असं का म्हणते ते जरा सविस्तर सांगते, कारण जळगावात कॉलेजांच्या आसपास राहणाऱ्यांचं, शिरपूरचं, नंदुरबारचं दुखणंही याच जातीचं आहे.

तुमचा त्रास खरा आहे, यात मला शंका नाही. रक्तदाबाचा माणूस मध्यरात्री फटाक्याने दचकून उठला की पहाटेपर्यंत त्याचा डोळ्याला डोळा लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी घरात कोणाचंच धड चालत नाही. ‘पोरंच ती, या वयात चालायचंच’ असं म्हणून हे उडवून लावणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. रात्री शांत झोप मिळणं हा तुमचा हक्क आहे. पण तो मिळवायचा तर मागणी अशी हवी की समोरच्याला ती पूर्ण करता आली पाहिजे, आणि पूर्ण केली नाही तर त्याला जाब विचारता आला पाहिजे.

‘बंदी करावी’ ही मागणी तशी नाही. कोण करणार बंदी? नगरसेवकांना तो अधिकार नाही, महापौरांना नाही, आयुक्तांनाही नाही. घर कोणाला भाड्याने द्यायचं हे घरमालक ठरवतो. मग काय होईल ते मी आत्ताच सांगू शकते. नगरसेवक येतील, निवेदन घेतील, ‘आम्ही तुमच्या पाठीशी आहोत’ म्हणतील, फोटो निघेल, पेपरात दोन ओळी छापून येतील. पुढे काहीच होणार नाही, आणि त्यांना दोषही देता येणार नाही, कारण जे त्यांच्या हातातच नव्हतं तेच आपण मागितलं. नगरसेवक ऐकत नाहीत, हा तुमचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. पण न होणारं काम मागितलं की नकार न देताही सुटता येतं, आणि आपल्याकडे कितीतरी निवेदनं अशीच सुटून जातात.

म्हणून पहिलं काम करा ते तक्रारी वेगळ्या करण्याचं. तुमच्या पत्रात पाच-सहा तक्रारी आहेत आणि सगळ्यांच्या कपाळी ‘विद्यार्थी’ असा एकच शिक्का मारला आहे. एकेक उचलून बघा.

कचऱ्याचंच घ्या. तुम्हीच लिहिलंय की घंटागाडी सकाळी साडेसातला येते आणि मुलं तेव्हा झोपलेली असतात. यातली बरीचशी मुलं अभ्यासिकेतून रात्री बाराच्या पुढे परततात. साडेसातला गाडीपाशी उभं राहणं त्यांना जमत नाही, मग ती झोपण्याआधी पिशवी फाटकाबाहेर ठेवतात. मेसचा डबा असतो, त्यात उरलेली भाजी-पोळी असते, कुत्री पिशवी फाडतात आणि सकाळी तुमच्या दारात घाण. यात मुलांचा आळस आहेच. पण घरमालकाने खाली झाकणाचे दोन डबे ठेवले, ओला आणि सुका, आणि सकाळी ते गाडीत रिकामे करायला माणूस नेमला, तर हा प्रश्न एका आठवड्यात मिटतो. आठ-दहा मुलांकडून दर महिन्याला भाडं घेणाऱ्या घरमालकाला हा खर्च जड नाही. आणि गाडीची एक फेरी उशिराची करून देणं हे मात्र नगरसेवकांनी पाठपुरावा केला तर होणारं काम आहे. म्हणजे एका पिशवीमागे तीन जण आहेत: मुलं, घरमालक आणि महापालिका. तुमच्या निवेदनात फक्त मुलं आहेत.

पाण्याचंही तसंच. आपल्याकडे पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी सकाळपासून गल्लीत ‘पाणी उनं का?’ म्हणजे ‘पाणी आलं का?’ हाच जप असतो. एका कुटुंबासाठी घेतलेल्या नळजोडणीवर आता दहा-बारा माणसं राहतात, वर मोठ्या टाक्या बसल्या आहेत आणि नळाला थेट मोटार लागते. वाहिनीतून मोटारीने पाणी ओढायला परवानगी नसते आणि महापालिकेला अशी मोटार जप्त करता येते. ही मागणी निवेदनात ठणकावून लिहा. फक्त एवढं लक्षात असू द्या की कारवाई सुरू झाली की ती खोल्यांच्या घरांपाशी थांबणार नाही. कुटुंबांच्या घरांतल्या मोटारीही निघतील. कॉलनीत कोणाकोणाच्या नळाला मोटार आहे हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक असणार. आधी आपल्या काढा, मग निवेदन द्या.

गाड्यांचं मूळ तर घराच्या बांधकामात आहे. प्लॉटवर बांधकाम करताना चारी बाजूंना सोडायची मोकळी जागा आणि गाड्यांसाठी दाखवलेली जागा नकाशात असते. पुढे तिथेच पत्रे टाकून एक जास्तीची खोली काढली जाते आणि गाड्या रस्त्यावर येतात. हे मुलांनी केलेलं नाही. मंजूर नकाशापेक्षा जास्त बांधकाम झालं असेल तर त्याची तक्रार महापालिकेच्या नगररचना विभागाकडे लेखी करता येते, आणि हवी ती माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्थात हे पाऊल शेजाऱ्यांविरुद्ध आहे आणि एकदा उचललं की मागे घेता येत नाही. म्हणून मी ते तुमच्या यादीत शेवटी ठेवेन. आधी घरमालकांना समोरासमोर विचारा: ‘तुमच्या भाडेकरूंच्या गाड्या तुमच्या फाटकाच्या आत कशा लागतील?’

आता मसुद्यातल्या दोन ओळींबद्दल. त्या मला खटकल्या आणि त्या तुमच्या लेखणीतून आलेल्या नसाव्यात असं मी धरून चालते.

एक ओळ आहे, ‘पाड्या-वस्त्यांवरून आलेल्या मुलांमुळे परिसराचे वातावरण बिघडले आहे.’ ही काढाच. धडगाव-अक्कलकुव्याहून, शिरपूरच्या डोंगरपट्ट्यातून, साक्रीच्या पश्चिमेकडून पोरं इथे शिकायला येतात. त्यातल्या कित्येकांच्या घरातलं कॉलेजात गेलेलं हे पहिलंच माणूस आहे. वाढदिवसाला फटाके उडवणारी पोरं कोणत्या गावची आहेत याचा आवाजाशी काही संबंध नाही. आणि एक व्यवहाराची गोष्ट सांगते. ही ओळ निवेदनात राहिली तर उद्या चर्चा तुमच्या झोपेची आणि कचऱ्याची होणार नाही, या ओळीचीच होईल, आणि व्हायलाच हवी.

ही मुलं खोल्यांत का राहतात हेही कॉलनीला माहीत असलं पाहिजे. शासकीय वसतिगृहात जागा मर्यादित असतात. जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना आहे, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. राहण्या-जेवण्याचे पैसे सरकार मुलाच्या खात्यात टाकतं आणि तो बाहेर खोली घेतो. म्हणजे वाडीभोकर रोड आणि नकाणे रोडच्या कॉलन्यांत वाढलेल्या या खोल्या कोणाच्या लहरीने वाढलेल्या नाहीत. कॉलेजं वाढली, वसतिगृहं त्या मानाने वाढली नाहीत, आणि ती उणीव तुमच्या गल्लीने भरून काढली. तुम्हाला खरोखर खोल्या कमी व्हायला हव्या असतील तर नगरसेवकांमार्फत आमदारांकडे, समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाकडे वसतिगृहाच्या जागा वाढवण्याची मागणी गेली पाहिजे. वेळ लागेल, पण त्या मागणीच्या बाजूने मुलंही तुमच्यासोबत उभी राहतील.

दुसरी ओळ, ‘मुले-मुली रस्त्यात उभे राहून गप्पा मारतात, याचा लहान मुलांवर परिणाम होतो.’ ताई, ही तक्रार ना महापालिकेची ना पोलिसांची. तुम्ही पत्रात ओघात लिहून गेलात की कोपऱ्यावरचा विजेचा खांब कित्येक दिवस बंद आहे आणि अभ्यासिकेतून रात्री नऊ-साडेनऊला परतणाऱ्या मुली तेवढा तुकडा पळत पार करतात. मसुद्यात या खांबाचा उल्लेखच नाही! तो सगळ्यात वर यायला हवा होता. खांबावर क्रमांक रंगवलेला असतो. तो टिपून घ्या, फोटो काढा, तारखेसह तक्रार टाका. नगरसेवकांकडून हमखास होणारं पहिलं काम हेच आहे, आणि पहिलं काम झालं की दुसऱ्याला बळ येतं.

आता नगरसेवकांबद्दल. धुळ्यात 2018 मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत 2023 च्या अखेरीस संपली आणि पुढची दोन वर्षं प्रशासकच कारभार पाहत होते. त्या काळात ‘तक्रार कोणाकडे करायची?’ हा प्रश्न सगळ्यांनाच पडला होता. जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर पुन्हा नगरसेवक आले आहेत. बहुतेक प्रभागांत चार-चार. चार असल्याचा तोटा असा की प्रत्येक जण ‘ते काम दुसऱ्या भाऊंकडे आहे’ म्हणू शकतो. म्हणून निवेदन एकाला देऊ नका. चौघांच्या नावे एकच पत्र काढा, आयुक्तांना प्रत द्या, महापालिकेच्या आवक विभागात जमा करा आणि शिक्का मारलेली पोच जपून ठेवा. तोंडी सांगितलेलं काम तोंडीच विरतं.

नगरसेवक काय करू शकतात हे कॉलनीत एकदा नीट बोलून घ्या, म्हणजे अपेक्षा भलतीकडे जाणार नाहीत. ते आरोग्य, पाणीपुरवठा, विद्युत, बांधकाम या विभागांच्या अधिकाऱ्यांना जागेवर आणू शकतात, महासभेत प्रश्न मांडू शकतात, अंदाजपत्रकात तुमच्या गल्लीच्या कामासाठी तरतूद मागू शकतात. भुयारी गटारीसाठी देवपूरचे रस्ते खोदले गेले तेव्हा तुम्ही सगळ्यांनीच धूळ खाल्ली आहे. कोणती गल्ली दुरुस्तीत आधी घ्यायची, हे ठरताना ज्या प्रभागाचा नगरसेवक बोलतो त्याची गल्ली पुढे सरकते. ते काय करू शकत नाहीत? कोणाला घराबाहेर काढू शकत नाहीत, पोलिसांना हुकूम सोडू शकत नाहीत, आणि रात्री बारा वाजता तुमच्यासाठी भांडायला येऊही नयेत. मध्यरात्री कार्यकर्ते पाठवून पोरांना दम देणारा नगरसेवक काही जणांना आवडतो. मला त्याची भीती वाटते. आज तो मुलांना दम देईल, उद्या तुमच्या यजमानांना.

‘ते घरमालकांच्याच बाजूने बोलणार, कारण मुलांना इथे मत नाही,’ असं तुम्ही म्हणता. यातलं दुसरं वाक्य तपासून बघा. 18 वर्षं पूर्ण झालेला विद्यार्थी गावच्या मतदार यादीत राहू शकतो, किंवा शिकायला राहतो त्या पत्त्यावर नाव नोंदवू शकतो. दोन्हीपैकी एकच ठिकाण, निवड त्याची. नवीन नावासाठी नमुना 6, पत्ता बदलायचा तर नमुना 8. बहुतेक मुलं हे करत नाहीत कारण त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. यातल्या काहींनी नाव इथे आणलं तर नगरसेवक त्यांच्याही खोलीपर्यंत येतील. मला हे तुमच्या फायद्याचं वाटतं. ज्याचं नाव गल्लीच्या यादीत आहे तो गल्लीची थोडी जास्त काळजी घेतो, आणि पाणी-कचऱ्यासाठी तुमच्या बाजूने बोलणारे आवाज वाढतात. त्यांच्या खोलीतही पाणी तेवढंच येतं जेवढं तुमच्याकडे येतं.

यावरून बैठकीकडे येते. मुलांना बोलावल्याशिवाय ती बैठक घेऊ नका. ज्यांच्याबद्दल तक्रार आहे ते दहा पावलांवर राहतात आणि त्यांच्या पाठीमागे ठराव होतो, हे एका शिक्षिकेला पटणार नाही असं मला वाटतं. वार नीट निवडा. शनिवारी दुपारनंतर अर्धी मुलं एसटीने गावी जातात, परीक्षांच्या आणि दिवाळीच्या दिवसांत कोणी सापडत नाही. मंगळवार-बुधवारी संध्याकाळी सातची वेळ बरी. जागा कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये किंवा मंदिराच्या ओट्यावर. कोणाच्या घरात नको, म्हणजे कोणी यजमान नाही आणि कोणी पाहुणा नाही. प्रत्येक घरातून एक, प्रत्येक खोल्यांच्या इमारतीतून एक मुलगा किंवा मुलगी, आणि सगळे घरमालक. घरमालक आले नाहीत तर बैठक पुढे ढकला. ते नसताना मुलांवर तोंडसुख घेण्यात अर्थ नाही.

प्रभागातल्या मतदारांची क्षेत्र सभा नगरसेवकांनी घ्यावी, अशी तरतूद 2009 पासून महापालिका कायद्यात आहे. तुमच्याकडे ती कधी झालेली दिसत नाही. तुमच्या बैठकीतच चौघांना विचारा की पहिली क्षेत्र सभा कधी घेणार. तारीख मागा.

बैठकीत आधी महापालिकेची कामं घ्या: खांब, घंटागाडीची दुसरी फेरी, पाणी सुटण्याची वेळ आधी कळवणं, तुंबलेली गटार. यावर कुटुंबं आणि मुलं एकाच बाजूला असतात. आवाजाचा विषय नंतर काढा. सुरुवातीलाच आवाज काढला तर पहिल्या पाच मिनिटांत दोन पक्ष पडतील आणि नगरसेवकांना मधे पंच व्हायला लागेल. प्रत्येक कामासमोर कोणता विभाग, कोणता नगरसेवक, कोणती तारीख हे तिथेच वहीत लिहा आणि मोठ्याने वाचून दाखवा. तुमचं शिक्षिकेचं अक्षर इथे कामी येऊ द्या. त्या पानाचा फोटो त्याच रात्री ग्रुपवर टाका, आणि त्या ग्रुपमध्ये मुलंही असू द्या.

आवाजाबद्दल नियम स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषणाचे 2000 चे नियम रात्री 10 ते सकाळी 6 हा वेळ रात्र धरतात. रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्रीच्या वेळात आवाजाचे फटाके उडवायला मनाई आहे. मध्यरात्री रस्त्यावर फटाके लागले तर 112 ला फोन करा. त्यासाठी नगरसेवक लागत नाही, आणि यजमानांनी खाली उतरून भांडण्याची तर मुळीच गरज नाही. त्यांच्या तब्येतीला ते परवडणारं नाही. हा फोन पहिल्या नव्हे, तिसऱ्या वेळी करा असं मी म्हणेन. पहिल्या वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाशी बोला, दुसऱ्या वेळी घरमालकाशी.

आणि हा नियम सगळ्यांना आहे हे बैठकीत कॉलनीने स्वतःहून म्हणावं. लग्नाच्या हळदीला, गणपतीला, कानबाई या आपल्या देवीच्या रोटांच्या उत्सवाच्या रात्री आपल्याकडेही साउंड लागतो. खानदेशात कानबाईची रात्र जागल्याशिवाय होत नाही आणि ती होऊही नये, मला स्वतःला ती गाणी फार प्रिय आहेत. पण दहानंतर भोंगा बंद, गाणी नुसत्या गळ्याने. एवढं आपण पाळलं तर वाढदिवसाचा केक दहाच्या आत किंवा गच्चीवर फटाक्यांशिवाय कापा, हे मुलांना सांगताना आपल्या आवाजात जोर येतो. मला वाटतं मुलं ऐकतील. खूपशी मुलं घरी आजोबांसमोर मोठ्याने बोलत नाहीत. इथे त्यांना तुमच्या यजमानांचं नाव माहीत नाही, त्यांना रक्तदाब आहे हे माहीत नाही. खिडकीतून ओरडणारा एक म्हातारा माणूस, एवढीच त्यांची ओळख आहे.

घरमालकांकडून तीन गोष्टी लेखी मागा. भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे ही जबाबदारी घरमालकाची आहे आणि न केल्यास दंड किंवा कैदेचीही तरतूद आहे. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात दिलेली असावी. आणि घरमालक त्याच घरात राहत नसेल तर रात्री उचलला जाईल असा फोन नंबर दर्शनी भागात लावलेला असावा. नोंदणीचा करार मुलांच्याही कामाचा आहे. डिपॉझिट बुडवणं, वर्षाच्या मध्येच खोली रिकामी करायला लावणं हे प्रकार त्यामुळे कमी होतात. ही मागणी बैठकीत एखाद्या मुलाकडूनच येऊ द्या, घरमालकांना ती टाळणं अवघड जाईल.

फ्लॅटच्या सोसायटीत राहणाऱ्या वाचकांसाठी थोडक्यात: आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार, सभासदाने फ्लॅट भाड्याने देताना आठ दिवस आधी सोसायटीला कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. ‘बॅचलरला बंदी’ असा ठराव सर्वसाधारण सभेत झाला तरी तो टिकायचा नाही. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्कही सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. त्यामुळे तिथेही मार्ग आवाज, गाड्या, कचरा यांचे सगळ्यांना लागू असणारे नियम करण्याचाच आहे.

नगरसेवक बैठकीला आलेच नाहीत तर? दोन तारखा द्या, लेखी. तरीही चौघांपैकी कोणी फिरकलं नाही तर तेच पत्र नागरिकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या लोकशाही दिनात न्या. खांब आणि घंटागाडीसाठी माहितीच्या अधिकारात अर्ज टाका: या गल्लीतली गाडी कोणत्या वेळेला, किती फेऱ्या, देखरेख कोणाची. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि बऱ्याचदा उत्तर येण्याआधी गाडी येते. एक जण मात्र नक्की येईल असं मला वाटतं. नव्याने निवडून आलेल्यांत एखाद-दुसरा तरी काम करायच्या उमेदीत असतोच. त्याला धरून ठेवा, त्याचं काम झालं की ग्रुपवर तसं सांगा. बाकीचे तिघं ते वाचतात.

राहता राहिली शेजारीण. तुम्हाला सगळ्यात जास्त तेच लागलंय, हे पत्राच्या शेवटच्या पानावरून कळतं. इतकी वर्षं भरिताची वांगी आणि कैऱ्या कुंपणावरून दिल्या-घेतल्या आहेत तुम्ही. तिचे यजमान गेल्यावर वरच्या खोल्यांच्या भाड्यावरच तिचं घर चालतं, हेही तुम्हीच लिहिलंय. मग ‘खोल्यांना बंदी’ हे निवेदन तिच्या कानावर काय म्हणून गेलं असेल याचा विचार करा. नवा मसुदा लिहून झाला की इतर कोणाच्याही सहीआधी तो घेऊन तिच्याकडे जा. यजमानांना घरीच ठेवा, एकट्याच जा. त्या रात्रीचा विषय तिने काढला तर ऐकून घ्या, तुम्ही काढू नका. मसुदा तिला वाचायला द्या आणि विचारा, ‘यात तुला काय अडचणीचं वाटतं?’ झाकणाचे डबे आणि गाड्या आत घेणं याला ती हो म्हणाली तर दुसरी सही तिची घ्या. पाण्याच्या मोटारीला नाही म्हणाली तर ते वाक्य बैठकीसाठी राखून ठेवा, तिच्या दारात वाद घालू नका. आणि निघताना वरच्या मुलांपैकी कोणी जिन्यापाशी भेटला तर त्याला बैठकीचा वार आणि वेळ तुम्हीच सांगा.